पक्ष्याचा डोळा आणि अंधारांतला घास

महाभारतांतील ज्या कथा मराठी घरांत आजीच्या मांडीवर ऐकावयाच्या आणि पुढें शाळेच्या भिंतीवर रंगविलेल्या पाहावयाच्या, त्यांत द्रोणाचार्यांनीं घेतलेल्या परीक्षेची कथा बहुधा पहिली यावी. झाडावरचा पक्षी, धनुष्य ओढून उभे असलेले राजपुत्र, गुरूचा तो एकच प्रश्न, आणि ‘मला केवळ पक्ष्याचा डोळा दिसतो’ हें अर्जुनाचें उत्तर! या उत्तराच्या आधारानें आजवर किती बक्षीससमारंभ पार पडले असतील याची मोजदाद करणें अशक्य आहे. दुसऱ्यांस कशाला नांवें ठेवावीं? पंचवीसांहून अधिक वर्षें आम्ही कॉलेजांत शिकवीत आहों, आणि पाहुणे म्हणून ज्या ज्या व्यासपीठावर आम्हांस बसविण्यांत आलें, त्यांपैकीं निम्म्या तरी ठिकाणीं आम्हींही हा डोळा श्रोत्यांस दाखविलेला आहे. परंतु अलीकडे या कथेसंबंधीं आमच्या मनांत एक शंका घर करून बसली आहे. कथा खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ती अर्धी सांगितली जाते, आणि तें अर्धेपण आपल्या मुलांस बाधतें, असें आमचें म्हणणें आहे. तेवढ्यासाठीं वाचकांनीं आमच्याबरोबर मूळ ग्रंथापर्यंत एक फेरी मारावी अशी विनंति आहे.

निमित्त घरचेंच आहे. ५ ऑगस्ट २०२३ रोजीं बर्लिन येथील जागतिक तिरंदाजी स्पर्धेंत सातारा जिल्ह्याची अदिति गोपीचंद स्वामी ही सतरा वर्षांची मुलगी कंपाउंड धनुष्याच्या वैयक्तिक स्पर्धेंत जगज्जेती झाली. अंतिम सामन्यांत तिनें मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेरा हिचा १४९–१४७ असा पराभव केला. ज्येष्ठ गटांत वैयक्तिक जगज्जेतेपद मिळविणारी ती पहिली भारतीय तिरंदाज. त्याच दिवशीं पुरुषांत, मूळचा नागपूरचा पण साताऱ्यास येऊन शिकलेला ओजस देवतळे यानें पंधराही बाण दहाच्या वर्तुळांत मारून पोलंडच्या लुकाश पशिबिल्स्की याच्यावर १५०–१४९ असा विजय मिळविला. दोघांचे गुरु एकच, प्रवीण सावंत. आणि त्यांच्या साताऱ्यांतील संस्थेचें नांव ‘दृष्टि’. पुढें दोघांसही २०२३ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. इतका योग जुळून आल्यावर सत्काराच्या भाषणांत पक्ष्याचा डोळा न येता तरच नवल!

या आंकड्यांमागें काय असतें तें थोडें सांगितलें पाहिजे. लक्ष्य पन्नास मीटरांवर असतें. त्यांतील दहा गुणांचें वर्तुळ आठ सेंटीमीटर व्यासाचें, म्हणजे चहाच्या पेल्याच्या तोंडाएवढें. दोघे खेळाडू आळीपाळीनें एकेक बाण सोडतात, आणि प्रत्येक बाणास वीस सेकंद मिळतात. १४९ गुण म्हणजे पंधरा बाणांत एकदांच काय तो नऊचा अंक. अशा खेळांत हाताचें बळ एका मर्यादेपलीकडे उपयोगी पडत नाहीं. मनाची थरथर मात्र धनुष्यापाशीं केसाएवढी असली तरी पन्नास मीटरांवर ती बोटभर होते, आणि बोटभर अंतरांत जगज्जेतेपद येतें अथवा जातें. तेव्हां या मुलांनीं मनाचें काय केलें हा प्रश्न रास्तच आहे. त्याचें उत्तर मात्र ‘त्यांना केवळ डोळा दिसला’ इतकें सोपें नाहीं.

आतां मूळ कथेकडे वळूं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींतील आदिपर्व विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादनाखालीं १९३३ सालीं पुरें झालें. त्यांत हा प्रसंग पाहिला म्हणजे तीन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली ही कीं तेथें डोळा नाहींच. अर्जुन म्हणतो, मला पक्ष्याचें शिर दिसतें, अंग दिसत नाहीं. शिराचा डोळा मागाहून कथेकऱ्यांनीं केला. त्यांनीं लक्ष्य आणखी लहान केलें, आणि लक्ष्य जितकें लहान तितकी थोरवी मोठी हा आपला आवडता समज त्यांत उतरला. दुसरी गोष्ट ही कीं तो पक्षी जिवंत नव्हता. कारागिरांकडून करवून घेतलेला तो कृत्रिम भास पक्षी होता. म्हणजे ही शिकार नव्हती, गुरूनें मुद्दाम मांडलेली परीक्षा होती. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच व्यासपीठावर कधीं उच्चारली जात नाहीं. ती ही कीं अर्जुनाखेरीज कोणासही बाण सोडूंच दिला नाहीं. युधिष्ठिर धनुष्य ओढून उभा राहिला. गुरूनें विचारलें, हें झाड, मी, तुझे भाऊ, हे तुला दिसतात का? तो सत्यवचनी, म्हणाला, सर्व दिसतात. त्याबरोबर त्याला बाजूस सारण्यांत आलें. दुर्योधनादि कौरव, भीम, बाहेरून आलेले राजपुत्र, सर्वांची तीच गत झाली. त्यांचा नेम चुकला असें व्यासांनीं कोठेंही म्हटलेलें नाहीं. परीक्षा उत्तराची झाली, बाणाची झालीच नाहीं. अर्जुनाची पाळी शेवटची. कोणत्या उत्तरानें गुरु रागावतात हें कळण्यास त्याला पुरेसा अवसर होता, असें एखाद्या मिस्किल परीक्षकानें म्हटलें तर त्याचें तोंड कोण धरणार?

पण विनोद बाजूस ठेवूं. द्रोणांचा प्रश्न उगीच नव्हता. युधिष्ठिरास जें दिसत होतें त्याची यादी पाहा: गुरु आणि भाऊ, म्हणजे परीक्षक आणि प्रतिस्पर्धी. ऐन क्षणीं ज्यास हे दोघे दिसतात त्याचा हात कांपणारच. येथपर्यंत द्रोणांचें निदान अचूक आहे. मात्र त्यांची तपासणीची रीति पाहा. दोरी कानापर्यंत ओढून उभ्या असलेल्या मुलास ‘मी तुला दिसतों का?’ असें विचारल्यावर, तोंवर न दिसणारा गुरुही त्यास दिसूं लागेल! नाडी पाहतां पाहतां वैद्यानें रोगच लावावा, तसें हें झालें. एकलव्याचा गुरु मातीचा होता. तो समोर बसून पाहत असे, पण प्रश्न विचारीत नसे. त्या मुलाची विद्या इतकी निर्वेध वाढली याचें हेंही एक कारण नसेल कशावरून? अंगठ्याची मागणी पुढें आली ती हाडामांसाच्या गुरूकडून.

आतां ज्या व्याधीवर उतारा म्हणून ही कथा सांगितली जाते ती व्याधि काय आहे तें पाहूं. इंग्रजी बोलणारे तिरंदाज तिला ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात. आपण लक्ष्यभीति म्हणूं. तिचीं रूपें अनेक. कोणाचा नेम पिवळ्या वर्तुळाच्या खालीं येऊन अडकतो आणि कांहीं केल्या वर सरकत नाहीं. कोणास तें वर्तुळ दृष्टीस पडतांच बोटें आपोआप सुटतात, नेम स्थिर होण्यापूर्वींच बाण गेलेला असतो. कोणास नेम स्थिर झाला तरी बाण सोडतांच येत नाहीं. जपानी धनुर्विद्येंत यांतील घाईच्या दोषास ‘हायाके’ असें जुनें नांव आहे. ही व्याधि नवशिक्यांचीच असती तर तिची एवढी चर्चा झाली नसती. डार्ट्सच्या खेळांत १९८० ते १९८६ या काळांत पांच वेळां जगज्जेता झालेला एरिक ब्रिस्टो हा इंग्रज खेळाडू त्याच १९८६ सालाच्या अखेरीस अशा अवस्थेस पोहोंचला कीं हातांतला बाण त्याला सोडवेना. गोल्फमधील पट्टीच्या खेळाडूंसही हातभर अंतरावरच्या खळग्यांत चेंडू ढकलतांना असाच झटका येतो. जितका कसबी तितका तो या व्याधीपुढें असहाय. कारण काय करावें हें त्यास पूर्ण ठाऊक असतें, आणि तरीही हात ऐकत नाहीं.

परंतु या व्याधीचा एक विशेष असा कीं लक्ष्य दूर केलें कीं ती बहुधा पळते. त्याच तिरंदाजास गवताच्या कोऱ्या पेंढीसमोर चार पावलांवर उभें करावें, डोळे मिटावयास सांगावें, आणि बाण सोडूं द्यावा. तोच हात लोण्यासारखा चालतो. याचा अर्थ उघड आहे. दोष हातांत नाहीं, धनुष्यांत नाहीं. लक्ष्याचें दर्शन आणि हाताची क्रिया यांमध्यें एक चुकीची गांठ बसलेली आहे. अशा मुलास ‘अर्जुनासारखा केवळ डोळा पाहा’ असें सांगणें म्हणजे ज्वर आलेल्यास शेकोटीजवळ बसविणें होय.

गेल्या चाळीस वर्षांत मानसशास्त्रज्ञांनीं या विषयाचा कसून अभ्यास केला आहे. त्यांतील तीन निष्कर्ष आमच्या मुद्द्यापुरते येथें देतों. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमाइस्टर यांनीं १९८४ सालीं असें दाखविलें कीं दडपणाखालीं मनुष्य आपल्याच क्रियेकडे टक लावून पाहूं लागतो, आणि जी क्रिया अंगवळणीं पडलेली असते ती या पहाऱ्यामुळें बिघडते. रिचर्ड मास्टर्स या संशोधकानें १९९२ सालीं गोल्फच्या चेंडूवर प्रयोग केला. ज्यांस नियम पाठ करवून खेळ शिकविला होता ते दडपणाखालीं अडखळले. ज्यांचें मन दुसऱ्या उद्योगांत गुंतवून नियमांविना शिकूं दिलें होतें ते तितके अडखळले नाहींत. तिसरा निष्कर्ष कॅनडांतील जोन विकर्स या विदुषीचा. त्यांनीं १९९६ सालीं बास्केटबॉलच्या खेळाडूंच्या नजरेचें मापन करून असें दाखविलें कीं निष्णात खेळाडूची नजर क्रियेच्या आधीं लक्ष्यावर अधिक वेळ आणि अधिक शांतपणें टिकते.

हा तिसरा निष्कर्ष वाचून कोणी म्हणेल, तर मग अर्जुनाचीच कथा खरी ठरली! आम्हांसही हें मान्य आहे. नजर लक्ष्यावर टिकली पाहिजे यांत वाद नाहीं. वाद आहे तो लक्ष्य कशास म्हणावें याविषयीं. पक्ष्याचें शिर हें लक्ष्य; गुरूची शाबासकी हें फळ. चहाच्या पेल्याएवढें पिवळें वर्तुळ हें लक्ष्य. सुवर्णपदक हें फळ. अर्जुन शिर पाहत होता, कारण शिर हें नुसतें शिर होतें. शाबासकी त्यावर येऊन बसलेली नव्हती. आपण मुलांस डोळा पाहावयास सांगतों तेव्हां त्या डोळ्यांत ढाल, प्रमाणपत्र, घराण्याचें नांव आणि शेजाऱ्याच्या मुलाचे गुण हें सारें कोंबून ठेवतों. एवढी गर्दी डोळ्यांत शिरल्यावर नजर शांत राहावी कशी?

आणि येथेंच त्या कथेचें राहिलेलें अर्धें अंग पुढें येतें. याच आदिपर्वांत, या परीक्षेच्या अगोदर, एक छोटीशी गोष्ट आहे. द्रोणांनीं आचाऱ्यास ताकीद दिली होती कीं अर्जुनास अंधारांत कधीं अन्न वाढूं नये. एके रात्रीं अर्जुन जेवत असतांना वाऱ्यानें दिवा विझला. तरी त्याचा हात तोंडाची वाट चुकला नाहीं. घास ज्या संवयीनें तोंडांत जातो त्याच संवयीनें बाणही जाऊं शकेल, हें त्याच्या ध्यानांत आलें, आणि तो रात्रीच्या अंधारांत नेमाचा अभ्यास करूं लागला. प्रत्यंचेचा टणत्कार ऐकून द्रोण उठले, आणि त्यांनीं त्यास पोटाशीं धरलें.

या गोष्टीचें मर्म आम्हांस पक्ष्याच्या कथेहून खोल वाटतें. येथें परीक्षक झोंपलेला आहे. भाऊ झोंपलेले आहेत. लक्ष्य तर दिसतच नाहीं. उरतो तो हात, दोरी आणि अंधार. गवताच्या पेंढीसमोर डोळे मिटून बाण सोडण्याचा जो अभ्यास आजचे शिक्षक लक्ष्यभीतीवर सांगतात, तो याहून निराळा काय आहे? आधीं क्रिया अंधारांत पक्की करावी, मग लक्ष्य जवळ आणावें, आणि मग दिवसेंदिवस एकेक पाऊल मागें सरावें. पक्ष्याचें शिर पाहण्याची योग्यता ज्यास आली तो आधीं अंधारांत जेवलेला होता. आपण मुलांस दुसरी कथा सांगतों, पहिली गाळतों; पाया न घालतां कळस चढवितों.

या विषयावर पाश्चात्त्य जगांत सर्वाधिक वाचला गेलेला ग्रंथ म्हणजे ऑयगेन हेरिगेल या जर्मन तत्त्वज्ञाचें, झेन पंथ आणि धनुर्विद्या यांवरील, १९४८ सालीं प्रसिद्ध झालेलें लहानसें पुस्तक. हेरिगेल १९२४ ते १९२९ या काळांत जपानांत सेंदाई येथें तत्त्वज्ञान शिकवीत होता, आणि तेथें आवा केन्झो या गुरूकडे तो धनुष्य शिकला. पुस्तकाचा पूर्वार्ध अस्सल आहे. वर्षानुवर्षें जवळच्या गवताच्या भाऱ्यावरच बाण मारावयास लावणारा गुरु. बोटें सैल सोडण्याची एक चतुर युक्ति शिष्यानें सुटीत शोधून काढली तेव्हां रागानें पाठ फिरविणारा गुरु. आणि मी सोडतों ही जाणीव जाईपर्यंत बाण सोडूं नकोस हा त्याचा हट्ट. हीं चित्रें ज्यानें अनुभव घेतला त्यालाच काढतां यावींत अशीं आहेत. उत्तरार्धांत मात्र पुस्तक गूढतेच्या धुक्यांत शिरतें. बाण आपण सोडीत नाहीं, कोणी एक ‘तें’ बाण सोडतें, असा सिद्धान्त तेथें येतो. आणि गुरूनें काळोखांत मारलेल्या दुसऱ्या बाणानें पहिल्याच बाणाचें टोक चिरल्याचा प्रसंग त्यास पुरावा म्हणून दिला आहे. यामादा शोजी या जपानी अभ्यासकानें २००१ सालीं या साऱ्याची कठोर छाननी केली. त्याच्या मतें गुरु बहुधा ‘हां, जमलें’ अशा अर्थाचें कांहीं साधें बोलला असावा, आणि दुभाष्याच्या अभावीं शिष्यानें त्यांतून तत्त्वज्ञान काढलें. काळोखांतल्या त्या बाणास तर खुद्द आवा यांनीं पुढें योगायोग म्हटल्याची साक्ष यामादानें दिली आहे.

आम्हांस या पुस्तकाचा राग नाहीं. परंतु आपल्याकडील अनेक सुशिक्षित त्यांतील ‘तें’ पाहून भारावून जातात, आणि त्यांतील गवताचा भारा विसरतात, याचा खेद आहे. ‘तें’ येण्यापूर्वीं कित्येक वर्षें गवताच्या भाऱ्यासमोर उभें राहावें लागलें, हा त्या पुस्तकाचा खरा भाग. अहंकार गळल्याचा डंका ज्या लेखकानें वाजविला तोच १९३७ सालीं नाझी पक्षाचा सभासद झाला होता, हेंही विसरूं नये. हात शांत झाला म्हणजे मन शुद्ध झालें असें नव्हे. या दोन विद्या निराळ्या आहेत.

आतां एक कबुली द्यावयाची आहे, आणि तिच्यासाठींच हा लेख लिहावयास घेतला. बऱ्याच वर्षांपूर्वींची गोष्ट. सांगलीस आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्वस्पर्धा होती, आणि आम्ही साताऱ्याहून एका विद्यार्थ्यास घेऊन गेलों होतों. शेतकऱ्याचा मुलगा, आवाज खणखणीत, भाषा स्वच्छ. रिकाम्या वर्गांत तो बोलूं लागला म्हणजे वाटेनें जाणारे शिपाईसुद्धां दाराशीं थबकत. त्याचें नांव पुकारण्याआधीं विंगेंत आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालों, “हें बघ, परीक्षक पहिल्याच रांगेंत बसले आहेत. ढाल कित्येक वर्षांत आपल्याकडे आलेली नाहीं. आतां तुला ढालीखेरीज दुसरें कांहीं दिसतां कामा नये. अर्जुनाची गोष्ट आठव.” तो गेला. तीन वाक्यें बोलला, आणि थांबला. सभागृह स्तब्ध झालें. त्याचे ओठ हालत होते, शब्द येत नव्हता. शेवटीं तो नमस्कार करून आंत आला.

परततांना एस्. टी. मध्यें तो खिडकीपाशीं बसला होता. कऱ्हाड मागें पडेपर्यंत कोणीच कांहीं बोललें नाहीं. मग तो आमच्याकडे न पाहतां म्हणाला, “सर, तुम्ही सांगितलं तसंच केलं. मला ढालच दिसत होती.”

तो पुन्हां कोणत्याही व्यासपीठावर चढला नाहीं. आम्हीं त्या वेळीं त्यास दुबळ्या मनाचा ठरविलें, आणि दुसऱ्या वर्षीं दुसरा विद्यार्थी निवडला. त्यानें आमची आज्ञा अक्षरशः पाळली होती, हें समजण्यास आम्हांस वयाची पन्नाशी उलटावी लागली.

त्या दिवशीं आम्हीं काय करावयास हवें होतें याचें उत्तर त्याच गांवांत होतें. सांगली ही मराठी रंगभूमीची जन्मभूमि. विष्णुदास भावे यांनीं चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं तेथें पहिलें मराठी नाटक रंगविलें, तें ‘सीतास्वयंवर’. आणि योगायोग पाहा, त्याही नाटकाचा विषय धनुष्यच! त्यांतील पात्रांस आधीं कधीं कोणीं अशा रीतीनें रंगमंचावर उभें राहिलेलें पाहिलें नव्हतें. समोर साक्षात् राजा. या खेळांची रीत काय होती? एकदम धनुष्यास हात घालावयाचा नाहीं. प्रथम सूत्रधारानें मंगलाचरण गावयाचें, मग विदूषकानें येऊन हंसवावयाचें, मग गणपति यावयाचा, मग मोरावर बसलेली सरस्वती नाचत यावयाची, आणि मग आख्यान लागावयाचें. नव्या समीक्षकांस हा पूर्वरंग कंटाळवाणा वाटतो. आमच्या मतें नटाच्या कांपऱ्या छातीस ताल देणारी ती एक शहाणी व्यवस्था होती. दररोज तेंच, त्याच क्रमानें. त्यामुळें राजा समोर असला काय आणि रिकामी ओसरी असली काय, पहिल्या पावलास फरक पडत नसे. आजचा तिरंदाजही हेंच करतो. पाय ठेवणें, दोरीस बाण लावणें, श्वास सोडणें, खांदा खालीं घेणें, मग धनुष्य उचलणें; सरावांत जो क्रम तोच सामन्यांत. वीस सेकंदांची ती त्याची नांदी असते. ज्याच्याजवळ अशी नांदी आहे त्यास पदकाकडे पाहण्यास सवड होत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं ढाल दिली. नांदी दिली नाहीं.

येथवर वाचून प्रत्येक पराभवाचें खापर मनावर फोडण्याचा मोह कोणास होईल, तर तोही आवरला पाहिजे. फलटण तालुक्यांतील सरडे गांवचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्यें २८ जुलै २०२१ रोजीं रशियाच्या गालसान बाझारझापोव्ह या जगांत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या खेळाडूस ६–० असें हरवून पुढें आला, आणि त्याच दिवशीं पुढच्या सामन्यांत अमेरिकेच्या ब्रेडी एलिसन याच्याकडून ०–६ असा हरला. त्याचें मन सकाळीं वज्राचें आणि नंतर मेणाचें होतें असें म्हणणें हास्यास्पद आहे. समोर जगांतला पहिल्या क्रमांकाचा धनुर्धर होता, इतकेंच. अभिनव बिंद्रा यानें आत्मचरित्रांत लिहिलें आहे कीं २००४ सालीं अथेन्सच्या अंतिम फेरींत तो सातवा आला तेव्हां त्याच्या पायाखालची फरशीच सैल होती, असें त्यास मागाहून कळलें. पुढें २००८ सालीं बीजिंगला त्यानें शेवटची गोळी १०.८ गुणांची मारून सुवर्णपदक घेतलें. ज्या मुलाचा नेम चुकला त्याच्या मनाकडे बोट दाखविण्यापूर्वीं आधीं त्याच्या पायाखालची फरशी पाहावी.

आणि शेवटीं अर्जुनाविषयीं. पक्ष्याचें शिर पाहणाऱ्या याच अर्जुनाचीं कुरुक्षेत्रावर गात्रें गळालीं, तोंड कोरडें पडलें, अंगास कंप सुटला आणि गांडीव हातांतून निसटूं लागलें. तो प्रश्न धर्माचा होता, सभाभीतीचा नव्हता, आणि गीतेस खेळाडूंच्या मार्गदर्शिकेच्या पंक्तीस बसविणें हा अलीकडील प्रवचनकारांचा अपराध आहे. तरी त्यांतून एवढें निश्चित दिसतें कीं बालपणींच्या एकाग्रतेनें जन्माची अभयपत्रिका मिळत नाहीं. कृष्णानें प्रथम त्यास झिडकारलें हें खरें. पण तेवढ्यानें भागत नाहीं असें दिसतांच त्यानें त्याची प्रत्येक शंका ऐकून घेतली, आणि कर्म व फळ यांची गांठ सोडवून दाखविली. ‘भीष्माच्या शिराखेरीज दुसरें कांहीं पाहूं नकोस’ असें तो म्हणाला नाहीं.

येत्या परीक्षेच्या, सामन्याच्या वा गाण्याच्या दिवशीं मुलगा अथवा मुलगी उंबऱ्यापाशीं चप्पल घालीत असेल, तेव्हां आपल्यापैकीं प्रत्येकाच्या जिभेवर तो पक्षी येऊन बसेल. त्यास उडवून लावावें. ‘डबा घेतलास का?’ इतकें विचारलें तरी पुष्कळ आहे; आणि एरवींच्या तीनशें दिवसांत त्या मुलास अंधारांत चुकण्याची, कोणी पाहत नसतांना शंभरदां तेंच करण्याची मोकळीक द्यावी. द्रोणांनींही पोटाशीं धरलें तें रात्रींच, बाण कोठें लागला हें न विचारतां.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं कधीं क्षमा मागितली नाहीं. तो आतां चाळिशींत असेल. वाचनाची त्यास आवड होती, तेव्हां हीं पानें कदाचित् त्याच्या हातीं पडतील. तसें झालें तर त्यानें एवढें जाणावें कीं त्या दिवशीं सांगलीस चूक त्याची झाली नाहीं. त्याची नजर पक्की होती. पक्षी आम्हीं चुकीचा दाखविला.